वैयक्तिक संगणकाची जुळणी

वैयक्तिक संगणकाची जुळणी म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवण साधन, वीजपुरवठा संच इत्यादी सुटे भाग वेगवेगळ्या उत्पादकांकडून घेऊन त्यांपासून वापरण्याजोगा संगणक तयार करणे. भारतात अशा संगणकाला सामान्यतः ‘असेंबल्ड’ संगणक, तर एकाच कंपनीने पूर्ण बांधून विकलेल्या संगणकाला ‘ब्रँडेड’ संगणक म्हणतात. जुळणीसाठी इलेक्ट्रॉनिकीच्या प्रशिक्षणाची किंवा सोल्डरिंगची गरज नसते. सर्व भाग ठरावीक मानकांनुसार बनवलेले असून ते खाचा, खोबणी व स्क्रू यांच्या साहाय्याने जोडले जातात. मात्र ही मानके अनेक आहेत आणि त्यांच्या पिढ्या बदलत असतात. त्यामुळे दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले दोन भाग एकमेकांशी जुळतीलच असे नाही. कमी खर्चात पहिला संगणक जुळवताना चुकीच्या भागावर गेलेले पैसे पुन्हा उभे करणे कठीण असते. म्हणून प्रत्येक भागाचे कार्य आणि त्याचा इतर भागांशी असलेला संबंध खरेदीपूर्वी समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यात इंटेल कंपनीचा ४.७७ मेगाहर्ट्‌झचा ८०८८ हा प्रोसेसर होता. हा संगणक लवकर तयार व्हावा म्हणून आयबीएमने त्यातील बरेचसे भाग इतर कंपन्यांकडून घेतले होते आणि त्याची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केली होती. इतर कंपन्यांनी त्याच्याशी सुसंगत बायोस स्वतंत्रपणे लिहिल्यावर ‘आयबीएम सुसंगत’ संगणकांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आणि सुट्या भागांचा व्यापार वाढला. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक मांडले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, मागील जोडण्यांची चौकट आणि वीजपुरवठ्याचे स्वरूप या मानकाने निश्चित केले. एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये आजही बसतो, तो या मानकामुळे.

भारतात सुट्या भागांच्या विक्रीसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), दिल्लीतील नेहरू प्लेस, बंगळूरमधील एस. पी. रोड आणि चेन्नईतील रिची स्ट्रीट या बाजारपेठा प्रसिद्ध आहेत. ऑनलाइन विक्री वाढल्यानंतर लहान शहरांतील ग्राहकांनाही हे भाग थेट मिळू लागले.

प्रोसेसर

प्रोसेसर हा आज्ञावलीतील सूचना अमलात आणणारा भाग होय. घरगुती संगणकांसाठी इंटेल आणि एएमडी या दोन कंपन्यांचे प्रोसेसर प्रामुख्याने वापरले जातात. प्रोसेसरची क्षमता गाभ्यांची (कोअर) संख्या, एकाच वेळी हाताळता येणारे धागे (थ्रेड), घड्याळाचा वेग आणि रचनेची पिढी या सर्वांवर अवलंबून असते. केवळ गिगाहर्ट्‌झचा आकडा पाहून दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरची तुलना करता येत नाही.

कमी खर्चाच्या जुळणीत प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे किंवा नाही, हा मुद्दा निर्णायक असतो. इंटेलच्या कोअर मालिकेत नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स वापरता येत नाही. उदाहरणार्थ, आय३-१२१०० या प्रोसेसरवर स्वतंत्र कार्डाशिवाय पडद्यावर चित्र दिसते, आय३-१२१००एफ या प्रोसेसरवर ते दिसत नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे, रायझन ५ ५६०० मध्ये ते नाही. ‘एफ’ प्रकारचा प्रोसेसर सहसा थोडा स्वस्त असतो. तथापि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नसेल, तर अशा प्रोसेसरवर उभा केलेला संगणक वापरताच येत नाही.

मदरबोर्ड

मदरबोर्ड हा सर्व भागांना जोडणारा मुख्य फलक आहे. त्याची निवड सॉकेट, चिपसेट आणि आकार या बाबींवरून होते.

सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवण्याची खोबण. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर एएम५ चा प्रोसेसर बसत नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरसाठी एलजीए १७०० हे सॉकेट लागते. यातील आकडा संपर्कबिंदूंची संख्या दर्शवतो.

सॉकेट जुळले म्हणजे सुसंगतता सिद्ध झाली असे मात्र नाही. इंटेलच्या सहाव्या व सातव्या पिढीसाठी आणि त्यानंतर आठव्या व नवव्या पिढीसाठी एलजीए ११५१ हे एकाच नावाचे सॉकेट वापरले गेले. परंतु विद्युत जोडण्या व चिपसेट यांत फरक असल्याने जुन्या मदरबोर्डांवर आठव्या पिढीचे प्रोसेसर चालत नाहीत. काही वेळा चिपसेट योग्य असूनही मदरबोर्डवरील बायोस जुना असल्याने नवा प्रोसेसर ओळखला जात नाही. अशा वेळी बायोस अद्ययावत करावे लागते आणि बहुतेक मदरबोर्डांवर त्यासाठी आधीच चालणारा एखादा प्रोसेसर हाताशी असावा लागतो. प्रोसेसरशिवाय बायोस बदलण्याची सोय मोजक्याच मदरबोर्डांवर असते. उत्पादकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक मदरबोर्डसाठी चालणाऱ्या प्रोसेसरची यादी आणि त्यासाठी लागणारी किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. खरेदीपूर्वी ही यादी पाहणे हा सुसंगतता तपासण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

आकाराच्या दृष्टीने पूर्ण एटीएक्स (३०५ × २४४ मिमी), मायक्रो-एटीएक्स (कमाल २४४ × २४४ मिमी) आणि मिनी-आयटीएक्स (१७० × १७० मिमी) हे प्रकार प्रचलित आहेत. कमी खर्चाच्या जुळणीत बहुधा मायक्रो-एटीएक्स वापरला जातो. स्वस्त मदरबोर्डांवर रॅमसाठी अनेकदा दोनच खाचा असतात. पुढे रॅम वाढवायची असल्यास ही बाब आधीच विचारात घ्यावी लागते.

रॅम

रॅम ही संगणकाची तात्पुरती स्मृती असून चालू असलेल्या कामाची माहिती तीत राहते आणि वीज गेल्यावर नाहीशी होते. सध्या डीडीआर४ आणि डीडीआर५ हे दोन प्रकार आढळतात. दोन्हींच्या पट्टीवर २८८ संपर्कबिंदू असले, तरी पट्टीतील खाचेची जागा वेगळी असल्याने एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या खोबणीत बसत नाही. एएम४ साठी डीडीआर४ आणि एएम५ साठी डीडीआर५ लागते. एलजीए १७०० च्या बाबतीत मात्र दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात आणि त्यांची नावेही पुष्कळदा सारखी असतात. म्हणून मदरबोर्डच्या पूर्ण नावावरून रॅमचा प्रकार तपासून घ्यावा लागतो. लॅपटॉपसाठीची रॅम आखूड असते. डेस्कटॉपच्या सर्वसाधारण मदरबोर्डवर ती चालत नाही.

प्रोसेसर आणि रॅम यांच्यात सामान्यतः दोन वाहिन्या (ड्युअल चॅनेल) असतात. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एका वाहिनीची सैद्धांतिक क्षमता सेकंदाला २५.६ गिगाबाइट, तर दोन वाहिन्यांची मिळून ५१.२ गिगाबाइट असते. १६ गिगाबाइटची एकच पट्टी लावल्यास यांतील एक वाहिनी रिकामी राहते, ८ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या लावल्यास दोन्ही वापरात येतात. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची वेगळी स्मृती नसते व ते हीच रॅम वापरते. त्यामुळे स्वतंत्र कार्ड नसलेल्या संगणकात हा फरक विशेष जाणवतो. विंडोज ११ साठी ४ गिगाबाइट रॅम ही किमान अट असली, तरी ब्राउझरच्या नेहमीच्या वापरालाही ती अपुरी पडते. साध्या कामासाठी ८ आणि खेळ किंवा चित्रफीत संपादनासाठी १६ गिगाबाइट रॅम धरली जाते.

साठवण साधने

कार्यप्रणाली, आज्ञावल्या आणि फायली कायमस्वरूपी ठेवण्यासाठी हार्ड डिस्क किंवा एसएसडी वापरतात. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या चुंबकीय तबकड्या असतात, एसएसडीमध्ये हलणारे भाग नसतात. विखुरलेल्या लहान फायली वाचताना हार्ड डिस्कचे वाचनशीर्ष सतत जागा बदलते आणि संगणक सुरू होण्यास वेळ लागतो. त्यामुळे कार्यप्रणाली एसएसडीवर आणि मोठ्या फायली हार्ड डिस्कवर ठेवण्याची पद्धत रूढ आहे.

साटा प्रकारच्या एसएसडीचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट असतो. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी पीसीआय एक्सप्रेस वाहिन्या वापरत असल्याने अनेक पटींनी वेगवान असते. एम.२ हे केवळ आकाराचे व जोडणीचे नाव आहे. एम.२ आकारात साटा आणि एनव्हीएमई अशा दोन्ही एसएसडी मिळतात आणि मदरबोर्डवरील प्रत्येक एम.२ खाच दोन्ही स्वीकारतेच असे नाही. रोजच्या वापरात हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना जाणवणारा फरक मोठा असतो. साटावरून एनव्हीएमईवर जाताना तो त्या मानाने कमी जाणवतो.

ग्राफिक्स कार्ड

पडद्यावरील चित्राची गणिते करणाऱ्या स्वतंत्र कार्डाला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. लेखन, अभ्यास, आंतरजाल, चित्रपट पाहणे आणि प्रोग्रॅमिंग शिकणे यांसाठी अंगभूत ग्राफिक्स पुरेसे असते. त्रिमितीय खेळ, त्रिमितीय आरेखन आणि काही प्रकारचे चित्रफीत संपादन यांसाठी स्वतंत्र कार्ड उपयोगी ठरते. खेळांसाठीच्या जुळणीत बहुधा हाच सर्वांत महाग भाग असतो.

कार्ड खोबणीत बसले, तरी पूर्ण क्षमतेने चालेलच असे नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेले एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड याचे उदाहरण आहे. त्यात पीसीआय एक्सप्रेसच्या चारच वाहिन्या आहेत. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर त्या पुरेशा ठरतात. तिसऱ्या पिढीवर मात्र वहनक्षमता निम्मी होते आणि कार्डावर ४ गिगाबाइटच स्मृती असल्याने अनेक खेळांमध्ये वेग घटतो. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचीच पीसीआय एक्सप्रेस पुरवतो. त्यामुळे मदरबोर्ड चौथ्या पिढीचा असला, तरी या प्रोसेसरसोबत हे कार्ड कमी वेगाने चालते. एका भागाची मर्यादा दुसऱ्या भागातून प्रकट होण्याचा हा प्रकार जुळणीत नेहमी आढळतो.

वीजपुरवठा संच

घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करणाऱ्या संचाला भारतात सर्वत्र एसएमपीएस म्हणतात. संगणकाचा वेग या भागामुळे वाढत नाही. त्यामुळे खर्च कमी करताना पहिली कात्री बहुधा यालाच लागते आणि पुष्कळदा कॅबिनेटसोबत मिळणारा अनामिक संच वापरला जातो. अशा संचावर लिहिलेली वॅटची क्षमता प्रत्यक्षात मिळेलच याची खात्री नसते. भार वाढताच संगणक आपोआप बंद होणे किंवा पुन्हा सुरू होणे ही त्याची सौम्य लक्षणे होत. बिघाड झाल्यास मदरबोर्ड आणि साठवण साधनेही निकामी होऊ शकतात. अल्पशा बचतीपोटी सगळा संगणक धोक्यात येतो, म्हणून या भागावर काटकसर करू नये असे मानले जाते.

‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र २०, ५० आणि १०० टक्के भारावर संचाची कार्यक्षमता किमान ८० टक्के असल्याचे दर्शवते. उदाहरणार्थ, आतील भागांना ३०० वॅट देताना ८० टक्के कार्यक्षमतेचा संच भिंतीवरील सॉकेटमधून ३७५ वॅट ओढतो आणि उरलेले ७५ वॅट उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेपुरते मर्यादित आहे. अतिभार, शॉर्ट सर्किट आणि व्होल्टेजमधील चढउतार यांपासून संरक्षणाची सोय स्वतंत्रपणे तपासावी लागते.

कॅबिनेट, उष्णता आणि बाह्य भाग

कॅबिनेट घेताना मदरबोर्डचा आकार, ग्राफिक्स कार्डाची लांबी, प्रोसेसरवरील पंख्याची उंची आणि हवेचा मार्ग पाहिला जातो. समोरून थंड हवा आत येऊन मागून गरम हवा बाहेर जाणे आवश्यक असते. पुढील बाजू काचेने पूर्ण बंद असलेली कॅबिनेटे आकर्षक दिसली, तरी त्यांत हवा कमी खेळते. उष्णता ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. परिणामी, वेगवान प्रोसेसरसाठी मोजलेले पैसे कोंदट कॅबिनेटमध्ये काही अंशी वाया जातात.

मॉनिटर, कळफलक, माऊस, यूपीएस आणि कार्यप्रणालीचा परवाना यांचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातून अनेकदा निसटतो. मराठी लेखनासाठी वेगळा कळफलक लागत नाही. इनस्क्रिप्ट मांडणी कार्यप्रणालीतच उपलब्ध असते. लिनक्सवर आधारित बहुतेक कार्यप्रणाली विनामूल्य मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही त्यांपैकीच एक आहे.

अंदाजपत्रक आणि समतोल

जुळणीचा आरंभ कामाच्या स्वरूपापासून करतात. कोणत्या आज्ञावल्या किंवा खेळ चालवायचे आहेत, यावरून स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज ठरते. त्यावरून प्रोसेसर, प्रोसेसरवरून मदरबोर्ड, मदरबोर्डवरून रॅमचा प्रकार आणि सर्वांच्या एकत्रित भारावरून एसएमपीएस ठरतो. हा क्रम उलटला आणि एखादा भाग केवळ सवलतीत मिळतो म्हणून आधी घेतला, तर पुढील प्रत्येक निवड त्याच्याभोवती बांधली जाते.

समतोल नसलेल्या जुळणीत सर्वांत मंद भाग इतरांना अडवतो. महाग ग्राफिक्स कार्डासोबत दुर्बळ प्रोसेसर असल्यास कार्ड रिकामे थांबते. वेगवान प्रोसेसरसोबत रॅम अपुरी असल्यास माहिती वारंवार साठवण साधनावर हलवावी लागते.

वीजभाराचा हिशेब पुढील उदाहरणावरून स्पष्ट होतो. आय३-१२१००एफ या प्रोसेसरचा कमाल टर्बो वीजवापर ८९ वॅट आणि रेडिऑन आरएक्स ६६०० या कार्डाचा वीजवापर १३२ वॅट दिलेला आहे. दोन्ही मिळून २२१ वॅट होतात. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांसाठी सुमारे ५० वॅट धरल्यास एकूण भार २७१ वॅट येतो. या जुळणीला चांगल्या प्रतीचा ४५० वॅटचा संच पुरतो आणि क्षणिक वाढीसाठी जागाही उरते. हे कार्ड चालवण्यासाठी संचात ग्राफिक्स कार्डाची आठ टाचण्यांची जोडणी असणे मात्र आवश्यक आहे, कारण पीसीआय एक्सप्रेसची खोबण स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅटच पुरवते.

खरेदी

सुट्या भागांच्या किमती स्थिर नसतात. २०११ मध्ये थायलंडमधील महापुरात तेथील कारखाने बंद पडल्याने जगभर हार्ड डिस्क महागल्या. २०२१ च्या सुमारास चिपटंचाई आणि कूटचलनाच्या खननामुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव वाढले. त्यामुळे एखाद्या वर्षी योग्य ठरलेली भागांची यादी पुढील वर्षी जशीच्या तशी लागू पडत नाही.

असेंबल्ड संगणकात प्रत्येक भागाची हमी त्या त्या उत्पादकाची असते. संपूर्ण संगणकाची एकत्रित हमी नसते. दुरुस्तीच्या वेळी जीएसटी क्रमांकासह बिल आणि भागाचा अनुक्रमांक मागितला जाऊ शकतो. बिलाशिवाय कमी दरात घेतलेल्या भागाच्या बाबतीत हे संरक्षण सहसा हातचे जाते.

वापरलेल्या भागांमुळे खर्च बराच कमी होतो. प्रोसेसर आणि रॅम यांची झीज तुलनेने कमी असते. हार्ड डिस्क व एसएमपीएस वापरलेले घेण्यात धोका अधिक असतो. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या ब्रँडेड संगणकांचा मदरबोर्ड व वीजजोडणी काही वेळा त्या कंपनीच्या खास रचनेची असते. असा संगणक स्वस्त मिळाला, तरी त्याचे भाग इतरत्र बसत नाहीत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आवश्यक असून बरेच जुने प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत नाहीत. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. या कारणाने जुने भाग घेताना कार्यप्रणालीचाही विचार करावा लागतो.

जोडणी आणि पहिली चाचणी

जोडणीपूर्वी अंगावरील स्थिर विद्युत काढून टाकण्यासाठी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करतात. प्रोसेसर, त्यावरील पंखा, रॅम आणि एम.२ एसएसडी हे भाग मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर असतानाच बसवणे सोयीचे असते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण सॉकेटवरील खुणेशी जुळवून तो अलगद ठेवतात, वरून दाबत नाहीत. एएम४ मध्ये नाजूक टाचण्या प्रोसेसरला असतात, एलजीए सॉकेटमध्ये त्या मदरबोर्डवर असतात. वाकलेली टाचणी हमीत सामान्यतः बसत नाही. प्रोसेसर व पंखा यांच्यामध्ये उष्णतावाहक लेप असावा लागतो. अनेक पंख्यांना तो आधीच लावलेला असतो.

त्यानंतर कॅबिनेटमधील आधारखुंट्यांवर मदरबोर्ड स्क्रूने बसवतात. या खुंट्या नसल्यास मदरबोर्डची मागची बाजू धातूला टेकून शॉर्ट सर्किट होऊ शकते. मदरबोर्डची मुख्य २४ टाचण्यांची जोडणी आणि प्रोसेसरची स्वतंत्र चार किंवा आठ टाचण्यांची जोडणी या दोन्ही आवश्यक असतात. दुसरी विसरल्यास पंखे फिरतात, पण संगणक सुरू होत नाही.

पडदा काळा राहिल्यास प्रथम मॉनिटरची तार तपासतात. स्वतंत्र कार्ड असताना ती कार्डाला जोडावी लागते. ‘एफ’ प्रकारच्या प्रोसेसरवर मदरबोर्डची चित्रजोडणी निष्क्रिय असते. रॅमची पट्टी अर्धवट बसणे हेही नेहमीचे कारण आहे. संगणक सुरू झाल्यावर बायोसमध्ये रॅम, साठवण साधन आणि प्रोसेसरचे तापमान पाहिले जाते. जास्त वेगाची रॅम पहिल्यांदा अनेकदा कमी वेगाने चालते. मदरबोर्डवर सोय असल्यास बायोसमधून एक्सएमपी हा पर्याय निवडून तिचा छापील वेग मिळवता येतो.

भारनियमन किंवा व्होल्टेजमधील चढउतार असलेल्या भागात यूपीएस आणि योग्य अर्थिंग यांना महत्त्व आहे. यूपीएसची क्षमता व्होल्ट-अँपिअरमध्ये लिहिलेली असते व ती वॅटइतकी नसते. ६०० व्होल्ट-अँपिअरचे अनेक यूपीएस ३६० वॅटपर्यंतचाच भार घेतात.

पुढील वाढ

जुळवलेल्या संगणकाचे भाग एकेक करून बदलता येतात, हा त्याचा मुख्य लाभ आहे. अंगभूत ग्राफिक्सवर सुरू केलेल्या संगणकात पुढे स्वतंत्र कार्ड बसवता येते, रॅमची दुसरी पट्टी घालता येते आणि मोठी एसएसडी जोडता येते. मात्र त्यासाठी रिकामी खाच, पुरेसा एसएमपीएस आणि कॅबिनेटमधील जागा पहिल्या दिवसापासून राखून ठेवलेली असावी लागते.